ब्लेक अहर्न : ४६० फेकी आणि २५ चुका

बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो, म्हणजेच मुक्त फेक, ही सर्वांत सोपी समजली जाते. समोर कोणी आडवा येत नाही, अंतर ठरलेले असते, घाई करण्याचे कारण नसते. तरीही अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सरासरी दर दहा फेकींपैकी तीन वाया जातात. या पार्श्वभूमीवर मिसूरी राज्यातील एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या विद्यापीठाच्या एका गार्डने चार वर्षांत ४६० फेकी केल्या आणि त्यांपैकी ४३५ टोपलीत घातल्या. त्याचे नाव ब्लेक अहर्न. २००७ साली महाविद्यालयीन कारकीर्द संपली तेव्हा त्याची ९४.६ टक्के ही सरासरी एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील, अर्थात 'डिव्हिजन वन'मधील, राष्ट्रीय विक्रम म्हणून नोंदली गेली. एनसीएए ही अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी संघटना आहे.

या विक्रमामुळे अहर्नचे नाव नोंदवह्यांत कायमचे गेले. पण एखादे कौशल्य निर्दोष असणे आणि त्या कौशल्याच्या बळावर खेळात जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच्याच कारकिर्दीतून दिसते.

फ्री थ्रोचे गणित

प्रतिस्पर्ध्याने नियमबाह्य धक्का दिला, हात पकडला किंवा बास्केटकडे झेपावणाऱ्या खेळाडूला अडवले, तर पंच फाउल देतात. त्याची भरपाई म्हणून, विशेषतः बास्केटच्या प्रयत्नात अडथळा आला असेल तेव्हा, खेळाडूला फ्री थ्रो मिळतो. फेकीची रेषा बॅकबोर्डपासून १५ फुटांवर, म्हणजे ४.५७ मीटरवर असते. रिंग जमिनीपासून १० फूट उंचीवर असते. रिंगचा व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४ सेंटिमीटर. कागदावर पाहिले तर जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढी ती जागा आहे.

पण चेंडू सरळ वरून पडत नाही, तो तिरका येतो. जितका तो सपाट येईल तितके त्याच्या दृष्टीने रिंगचे तोंड अरुंद होत जाते. ४५ अंशांच्या कोनात येणाऱ्या चेंडूला सुमारे ३२ सेंटिमीटरचेच तोंड मिळते, तर ३२ अंशांच्या आसपास आलेला चेंडू रिंगला न घासता आत जाणे जवळपास अशक्य होते. म्हणूनच प्रशिक्षक चेंडूला उंच कमान द्यायला शिकवतात. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००८ साली संगणकावर लाखो फेकींचे अनुकरण करून काही निष्कर्ष काढले. चेंडू साधारण ५२ अंशांच्या कोनात सोडावा, त्याला सेकंदाला सुमारे तीन फेऱ्यांची उलटी फिरकी द्यावी आणि नेम रिंगच्या मध्यापेक्षा किंचित मागे धरावा, असे त्यांचे सांगणे होते. उलटी फिरकी असली की रिंगवर किंवा बोर्डवर आपटलेल्या चेंडूचा वेग मंदावतो आणि तो आत घसरण्याची शक्यता वाढते.

हे सारे ज्ञान प्रशिक्षकांना अनुभवाने पूर्वीपासूनच होते. तरीही १९६० च्या दशकाच्या मध्यापासून २००९ पर्यंत पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांतील सरासरी ६९ टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिली. त्यानंतरच्या काळात ती सत्तरीच्या थोडी पुढे सरकली, एवढेच. व्यावसायिक एनबीएतही अनेक दशके हा आकडा ७५ टक्क्यांच्या आगेमागे राहिला. या काळात खेळाडू अधिक उंच, अधिक वेगवान आणि अधिक बलवान झाले. पण फ्री थ्रोला उंची, वेग किंवा बळ यांचा फारसा उपयोग नाही. तेथे लागते ती एकच हालचाल शेकडो वेळा तशीच्या तशी करण्याची क्षमता. तीही धावून धावून छाती भरून आलेली असताना आणि बास्केटमागे बसलेले प्रतिस्पर्धी विद्यार्थी हात हलवून ओरडत असताना.

सेंट लुईसचा मुलगा

ब्लेक अहर्नचा जन्म २७ मे १९८४ रोजी मिसूरीतील सेंट लुईस येथे झाला. शालेय बास्केटबॉल तो याच शहराच्या उपनगरातील डी स्मेट जेझुइट या शाळेकडून खेळला. सहा फूट दोन इंच ही उंची आपल्याकडे डोळ्यांत भरेल, पण अमेरिकन बास्केटबॉलमध्ये ती ठेंगण्यांच्या रांगेतच मोडते. अशा उंचीचा खेळाडू बहुतेक वेळा गार्ड होतो. चेंडू पुढे नेणे, चाल रचणे आणि लांबून नेम साधणे हे त्याचे काम असते.

२००३ साली तो स्प्रिंगफील्ड येथील साउथवेस्ट मिसूरी स्टेट विद्यापीठात दाखल झाला. बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली ज्या स्प्रिंगफील्डमध्ये झाला ते मॅसॅच्युसेट्स राज्यातले. हे स्प्रिंगफील्ड मिसूरीतले. दोहोंत केवळ नामसाधर्म्य आहे. २००५ साली या विद्यापीठाने आपले नाव बदलून 'मिसूरी स्टेट' असे केले. त्यामुळे अहर्नच्या कारकिर्दीच्या नोंदी दोन वेगवेगळ्या नावांखाली सापडतात. त्याचे प्रशिक्षक होते बॅरी हिन्सन.

पहिल्याच वर्षी, २००३-०४ च्या मोसमात, अहर्नने १२० पैकी ११७ फ्री थ्रो यशस्वी केले. संपूर्ण मोसमात केवळ तीन चुका! ९७.५ टक्के ही एका मोसमातील सरासरी राष्ट्रीय विक्रम ठरली. त्याआधीचा ९५.९ टक्क्यांचा विक्रम पेन स्टेट विद्यापीठाच्या क्रेग कॉलिन्सने १९८४-८५ च्या मोसमात केला होता आणि तो जवळजवळ दोन दशके टिकला होता. कॉलिन्सला त्या मोसमात ९८ फेकी मिळाल्या होत्या. त्याहून अधिक फेकी घेऊन अहर्नने कमी चुका केल्या, हे विशेष.

पुढील तीन मोसमांत त्याने अनुक्रमे ९५ पैकी ९०, १२५ पैकी ११७ आणि १२० पैकी १११ फेकी साधल्या. टक्केवारीत सांगायचे तर ९४.७, ९३.६ आणि ९२.५. पहिली तीन वर्षे तो देशात अव्वल राहिला. चौथ्या वर्षी मात्र गोन्झागा विद्यापीठाचा गार्ड डेरेक रायव्हिओ याने १५४ पैकी १४८ फेकी साधून पहिला क्रमांक पटकावला.

हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. अहर्नची टक्केवारी दरवर्षी थोडी थोडी घसरत गेली. विक्रमी आरंभानंतर हे स्वाभाविकच होते. पण त्याचा सर्वांत वाईट मोसमही इतर बहुतेकांच्या संपूर्ण कारकिर्दीच्या सरासरीला मागे टाकणारा होता. ड्यूक विद्यापीठाचा जे. जे. रेडिक हा त्या पिढीतील सर्वांत गाजलेला नेमबाज. त्याची चार वर्षांची सरासरी ९१.२ टक्के होती. मात्र रेडिकने ७२६ फेकी घेतल्या, म्हणजे अहर्नच्या दीडपटीहून अधिक. हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

अचूकतेचे मोल किती?

अहर्नच्या जागी ६९ टक्क्यांचा सर्वसाधारण खेळाडू असता, तर ४६० फेकींपैकी सुमारे ३१७ यशस्वी झाल्या असत्या. अहर्नने ४३५ साधल्या. म्हणजे त्याच्या विक्रमी अचूकतेने संघाला चार वर्षांत सुमारे ११८ गुण जास्तीचे मिळवून दिले, मोसमाला साधारण तीस. महाविद्यालयीन संघ एका मोसमात तीसच्या आसपास सामने खेळतो, हे ध्यानात घेतले तर हा हिशेब सामन्यामागे जेमतेम एका गुणावर येतो.

राष्ट्रीय विक्रमाची किंमत सामन्याला एक गुण! हे ऐकायला निराशाजनक वाटेल. कारण साधे आहे. फ्री थ्रो मिळवावा लागतो. त्यासाठी चेंडू घेऊन बचावपटूंच्या गर्दीत शिरावे लागते, अंगावर धक्के घ्यावे लागतात, पंचांना फाउल द्यायला भाग पाडावे लागते. धिप्पाड खेळाडूंना हे सहज जमते. पण त्यांतील अनेकांचा रेषेवरचा नेम कच्चा असतो. विल्ट चेंबरलेन आणि शकील ओ'नील हे एनबीएच्या इतिहासातील दोन महाकाय खेळाडू याची ठळक उदाहरणे आहेत. दोघांचीही कारकिर्दीची सरासरी ५० ते ५३ टक्क्यांच्या दरम्यान राहिली. ज्यांना फेकी भरपूर मिळतात त्यांना त्या साधत नाहीत आणि ज्यांना साधतात त्यांना त्या पुरेशा मिळत नाहीत, अशी ही विसंगती आहे.

एके काळी या विसंगतीवर नियमातच तोडगा होता. १९२०च्या दशकाच्या आरंभापर्यंत संघाला आपला एक ठरावीक नेमबाज निवडून सगळे फ्री थ्रो त्याच्याकडून करवून घेता येत असत. १९२३-२४ च्या मोसमापासून नियम बदलला आणि ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच फेक करायची असे ठरले. अहर्न त्या जुन्या काळात जन्मला असता तर संघातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला असता. आधुनिक खेळात तांत्रिक फाउलच्या वेळी संघाला आपल्या पसंतीचा नेमबाज पुढे करता येतो; पण असे प्रसंग क्वचितच येतात.

तथापि सामन्यामागे एक गुण ही सरासरी झाली, आणि सगळे गुण सारख्या मोलाचे नसतात. अखेरच्या मिनिटात मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल करतो. त्या वेळी आघाडीवरचा संघ चेंडू आपल्या सर्वांत भरवशाच्या नेमबाजाच्या हाती ठेवण्याची धडपड करतो. पुरुषांच्या महाविद्यालयीन नियमांनुसार प्रत्येक अर्धात प्रतिस्पर्ध्याच्या सातव्या फाउलपासून 'वन अँड वन' लागू होते. पहिली फेक साधली तरच दुसरी मिळते. अशा प्रसंगी ६९ टक्क्यांच्या खेळाडूकडून सरासरी १.१७ गुणांची अपेक्षा ठेवता येते, तर ९४.६ टक्क्यांच्या खेळाडूकडून १.८४ गुणांची. दोन्ही फेकी साधण्याची शक्यता पहिल्याच्या बाबतीत निम्म्याहून कमी, तर दुसऱ्याच्या बाबतीत जवळजवळ ९० टक्के. अखेरच्या मिनिटात अहर्नवर फाउल करण्याखेरीज पर्याय उरला नाही, की प्रतिस्पर्ध्याच्या आशा बव्हंशी संपत.

बंद राहिलेले दार

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूचे सर्वांत मोठे स्वप्न म्हणजे मार्च महिन्यात होणारी एनसीएए अजिंक्यपद स्पर्धा. २००६ साली या स्पर्धेत ६५ संघांना प्रवेश होता. त्यांतील ३१ संघ आपापल्या विभागीय संघटनांचे विजेते म्हणून थेट जात; उरलेल्या ३४ जागा निवड समिती भरत असे.

स्प्रिंगफील्डच्या क्रीडारसिकांना या स्पर्धेची चव ठाऊक होती. १९९९ साली त्यांच्या संघाने विस्कॉन्सिन आणि टेनेसी यांना हरवून अखेरच्या सोळांत धडक मारली होती. तेथे ड्यूकने त्यांना रोखले. त्या संघाचे प्रशिक्षक होते स्टीव्ह अल्फर्ड. ते स्वतःही कॉलेजमध्ये असताना गार्ड होते आणि फ्री थ्रोसाठीच ओळखले जात. इंडियाना विद्यापीठाकडून त्यांनी ५९६ पैकी ५३५, म्हणजे ८९.८ टक्के फेकी साधल्या होत्या. १९८४ चे ऑलिंपिक सुवर्ण आणि १९८७ चे एनसीएए अजिंक्यपद त्यांच्या नावावर होते. त्या १९९९ च्या यशानंतर अल्फर्ड आयोवा विद्यापीठाकडे गेले आणि त्यांच्या जागी हिन्सन आले. चार वर्षांनी त्याच विद्यापीठात फ्री थ्रोमध्ये अल्फर्ड यांच्याही पुढे जाणारा खेळाडू दाखल व्हावा, हा एक योगायोगच.

२००६ साली मिसूरी स्टेटला पुन्हा संधी चालून आल्यासारखी वाटत होती. संघांची कामगिरी आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ताकद यांवरून काढल्या जाणाऱ्या आरपीआय या क्रमवारीत संघ २१ वा होता. निवड समिती तेव्हा या क्रमवारीचा आधार घेत असे. तरीही निवडीच्या रविवारी जाहीर झालेल्या यादीत मिसूरी स्टेटचे नाव नव्हते. आरपीआयमध्ये इतक्या वरच्या स्थानी असलेला संघ वगळला जाण्याची ती त्या वेळेपर्यंतची सर्वांत ठळक घटना ठरली. मिसूरी स्टेट ज्या मिसूरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये खेळत असे, तेथील चार संघांना मात्र प्रवेश मिळाला : सदर्न इलिनॉय, विचिटा स्टेट, नॉर्दर्न आयोवा आणि ब्रॅडली. त्यांपैकी विचिटा स्टेट आणि ब्रॅडली यांनी अखेरच्या सोळांपर्यंत मजल मारली, त्यामुळे वगळल्याची सल अधिकच वाढली.

२००७ मध्ये, अहर्नच्या अखेरच्या मोसमात, हेच पुन्हा घडले. दोन्ही वर्षी संघाला दुय्यम समजल्या जाणाऱ्या एनआयटी स्पर्धेवर समाधान मानावे लागले. अशा रीतीने फ्री थ्रोचा राष्ट्रीय विक्रमवीर एनसीएए अजिंक्यपद स्पर्धेत एकही सामना न खेळता महाविद्यालयाबाहेर पडला.

एनबीएतील एकोणीस सामने

२००७ च्या एनबीए निवडीत ६० खेळाडूंची नावे पुकारली गेली. त्यांत अहर्नचे नाव नव्हते. एनबीएचे ३० संघ आणि प्रत्येकी १५ खेळाडू, म्हणजे अवघ्या ४५० जागा. त्यासाठी जगभरातून चढाओढ असते. सहा फूट दोन इंचांचा, अतिवेगवान नसलेला गार्ड बचावात कमी पडेल, अशी शंका संघांना येते आणि ती शंका फ्री थ्रोच्या विक्रमाने दूर होत नाही.

अहर्नने मग एनबीएच्या दुय्यम स्पर्धेचा, तेव्हाच्या डी-लीगचा रस्ता धरला. नॉर्थ डाकोटातील बिस्मार्क येथील डाकोटा विझर्ड्स संघाकडून खेळताना २००७-०८ मध्ये त्याला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्याच मोसमाच्या अखेरच्या टप्प्यात मायामी हीटने त्याला बोलावले. ८२ पैकी ६७ सामने हरलेला तो मायामीचा दुर्दैवी मोसम होता. तेथे त्याला १२ सामने मिळाले. पुढील मोसमात सॅन अँटोनियो स्पर्सकडून तीन आणि २०१२ मध्ये युटा जॅझकडून चार. एनबीएतील त्याचे सामने एवढेच, एकूण एकोणीस.

त्या काळात डी-लीगमधील खेळाडूचे जीवन मोठ्या संघाच्या दूरध्वनीकडे डोळे लावून बसण्याचे असे. कुणी जायबंदी झाला की दहा दिवसांचा करार, आणि तो संपला की पुन्हा छोट्या शहरातील छोटे मैदान. अहर्नने अशी अनेक वर्षे काढली. मधल्या काळात तो युरोपातील क्लबांकडूनही खेळला.

मैदानावरून प्रशिक्षकाच्या जागी

खेळणे थांबवल्यावर तो प्रशिक्षणाकडे वळला. २०१७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सच्या दुय्यम संघाचे, ऑस्टिन स्पर्सचे, मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले. डी-लीगचे नाव त्याच वर्षी जी-लीग झाले होते. पहिल्याच मोसमात, २०१८ साली, त्याच्या संघाने रॅप्टर्स ९०५ या संघाला अंतिम फेरीत हरवून विजेतेपद मिळवले. ज्या स्पर्धेत खेळाडू म्हणून त्याने उमेदीची वर्षे घालवली, तिच्यातच त्याला प्रशिक्षक म्हणून सर्वोच्च यश लाभले. पुढे २०२१ नंतर काही काळ तो एनबीएतील मेम्फिस ग्रिझलीज संघाचा सहायक प्रशिक्षक होता.

एका कौशल्याच्या जोरावर कारकीर्द उभी राहत नाही, असा निष्कर्ष यावरून काढता येईल आणि तो चुकीचाही ठरणार नाही. पण अहर्नच्या विक्रमाकडे पाहण्याची दुसरीही एक बाजू आहे. उंची आणि वेग निसर्ग देतो, निवड समितीचा कौल दुसऱ्यांच्या हाती असतो. सबंध खेळात पूर्णपणे खेळाडूच्या स्वतःच्या हाती असणारी जागा एकच, ती म्हणजे पंधरा फुटांवरची रेषा. त्या रेषेवर अहर्न चार वर्षांत ४६० वेळा चेंडू घेऊन उभा राहिला आणि फक्त २५ वेळा चुकला.